यंत्र बंद, मोजमाप झाले नाही

आमच्या संस्थेच्या वर्धापनदिनाला दरवर्षी परिसंवाद असतो आणि दरवर्षी त्यात मी चारित्र्याच्या बाजूने बोलायचे. आता बोलत नाही. का बोलत नाही, तेच सांगायला बसले आहे. विषय शब्द फिरवून दरवर्षी तोच: शिक्षण चारित्र्यासाठी की रोजगारासाठी? व्यासपीठावर शाल, श्रीफळ, प्लास्टिकच्या वेष्टनातला गुच्छ आणि मागे भलामोठा फ्लेक्स. त्यावर संस्थाचालकांचा फोटो पाहुण्यांपेक्षा कायम बोटभर मोठा. मला त्या सगळ्या प्रकाराची शिसारी यायची, पण शाल मात्र मी न विसरता घरी न्यायचे. अशा अकरा शाली माझ्या कपाटात घड्या घालून ठेवलेल्या आहेत.

संस्था म्हणजे काही फार मोठं प्रकरण नव्हे. पनवेल गावातून नवीन पनवेलकडे जाताना एका इमारतीचे वरचे दोन मजले. खाली टायरचं दुकान आणि एक खानावळ, त्यामुळे वर्गात सकाळी रबराचा वास आणि अकरानंतर फोडणीचा. इथे आम्ही लॅब टेक्निशियन तयार करतो, म्हणजे रक्त-लघवी तपासणारी माणसं. त्याआधी चौदा वर्षं मी स्वतः एका रुग्णालयाच्या लॅबमध्ये हेच काम केलं होतं. त्यामुळे पहिल्या दिवशी पहिल्या तासाला मी मुलांना एकच गोष्ट सांगायचे. जे दिसलं नाही ते लिहायचं नाही. तुमच्या एका आकड्यावर कुणाची गोळी सुरू होते, कुणाची बंद होते. डॉक्टर पेशंटकडे नंतर बघतात, आधी तुमचा कागद बघतात. हे सांगताना माझा आवाज चढायचा आणि मला स्वतःचंच फार कौतुक वाटायचं.

पुढे संस्थेच्या डोक्यात मूल्यशिक्षण शिरलं. आठवड्यातून एक तास, त्याची वेगळी वही, आणि वहीत दर आठवड्याला ‘मी केलेले सत्कृत्य’ लिहायचं. तो तास माझ्या गळ्यात पडला, कारण चारित्र्याची बाजू माझ्याकडे होती ना! पहिल्याच आठवड्यात वर्गातल्या अडतीस जणांनी एकेका आजोबांना रस्ता ओलांडायला मदत केलेली होती. अडतीस आजोबा! पनवेलच्या एसटी स्टँडसमोर एका आठवड्यात इतके आजोबा ताटकळत उभे असते तर पोलीस बोलवावे लागले असते. दुसऱ्या आठवड्यात सगळ्यांनी पक्ष्यांसाठी पाणी ठेवलं. एकाने लिहायचं आणि बाकीच्यांनी उतरवायचं. मी लाल पेनाने खाली ‘छान’ लिहीत गेले. सत्कृत्याची नक्कल करणाऱ्यांना ‘छान’ म्हणायचं आणि पगार घ्यायचा, हे माझं मूल्यशिक्षण.

अडतीस म्हटलं मी, पण वर्गात मुलं एकोणचाळीस होती. एकोणचाळिसावी कर्नाळ्याच्या पायथ्याच्या एका वाडीतून यायची. आईबाप दिवाळीनंतर वीटभट्टीवर जायचे ते पावसाच्या तोंडावर परत यायचे. वाडीतून बारावीपुढे गेलेली ती पहिलीच. तिच्या वहीत लिहिलेलं होतं, ‘या आठवड्यात चांगले काम केले नाही. रविवारी भट्टीवर आईला मदत केली पण ते कामच आहे.’ मी ते दोनदा वाचलं. खाली काय लिहावं कळेना, म्हणून नुसती सही केली.

ती हा कोर्स करायला का आली, ते तिने मला एकदा सुया आणि कापूस आवरताना सांगितलं. भट्टीवर एकदा आरोग्य शिबिर झालं होतं. बायकांची बोटं टोचली, हिमोग्लोबिनच्या चिठ्ठ्या वाटल्या, पाहुण्यांबरोबर फोटो काढले. तिची थोरली बहीण तेव्हा गरोदर होती.

“समद्या बायांच्या चिठ्ठीवर एकच आकडा व्हता मॅडम. अकरा. माझी बईन पिवळी पडलेली, तरी अकरा. गोळ्या दिल्या नाय तिला. बाळंतपनाला सरकारी दवाखान्यात नेली तवा रक्त पाच निघाला.”

“मग?” मी विचारलं.

“बईन हाय. बाळ नाय.”

तिने कापसाचा डबा बंद केला आणि जागेवर ठेवला. मला तेव्हा वाटलं, ही एक पोरगी खरी टेक्निशियन होणार. बाकीच्यांना मी शिकवते ते नियम म्हणून कळत होतं, हिला ते घरातूनच कळलं होतं. हिच्या हातून निघालेल्या आकड्यावर डोळे मिटून विश्वास ठेवता येईल, असं मी घरी नवऱ्यालाही सांगितलं होतं. एका माणसाच्या बाबतीत तरी आपलं शिकवणं वाया गेलं नाही, याचा मला मोठा आधार होता.

आता आमच्या धंद्यातली एक रीत सांगायला हवी. प्रात्यक्षिकाचं जर्नल असतं, तपकिरी पुठ्ठ्याचं. त्यात प्रत्येक प्रयोग, त्याची कृती आणि शेवटी मिळालेले आकडे लिहायचे. पहिल्या पानावर दाखला: सदर विद्यार्थ्याने सर्व प्रयोग समाधानकारकरीत्या पूर्ण केले आहेत. खाली शिक्षकाची सही. परीक्षेच्या आधी पंधरा दिवस सगळी मुलं आदल्या वर्षीच्या मुलांची जर्नल्स मिळवतात आणि मान मोडून उतरवून काढतात. आकड्यांसकट. एका वर्षी कुणाच्या तरी बोटातून निघालेलं रक्त पुढची सहा-सात वर्षं आमच्या संस्थेत वाहत असतं. हे शिक्षकांना माहीत असतं, बाहेरून येणाऱ्या परीक्षकांना माहीत असतं, कारण त्यांच्या कॉलेजातही तेच चालतं. सगळे मूग गिळून बसतात आणि याला ‘जर्नल कम्प्लीट करणं’ म्हणतात.

त्या वर्षी आमचा कलरीमीटर बंद पडला. रक्तातली साखर, चरबी, असं बरंच काही ज्यावर मोजतात ते यंत्र. दिवाळीच्या सुट्टीनंतर ते चालूच झालं नाही. मी तीन वेळा लेखी कळवलं. तिसऱ्या पत्रावर ‘पाहू’ असा शेरा येऊन ते परत आलं. त्याच महिन्यात प्रवेशद्वाराशी विद्येच्या देवीची नवी मूर्ती आली, काचेच्या पेटीत, आत दिवा लावलेली. तो दिवा मात्र कधी बंद पडला नाही.

फेब्रुवारीत मी जर्नल्स तपासायला घेतली. अडतीस जर्नल्समध्ये साखरेचे आकडे व्यवस्थित, दोन रेघांच्या चौकटीत. जे यंत्र चार महिने कापडाखाली झाकलेलं होतं, त्यावर अडतीस जणांनी साखर मोजलेली. एकोणचाळिसाव्या जर्नलमध्ये कृती लिहिलेली, आकृती काढलेली आणि आकड्यांच्या जागी तिच्या गोल अक्षरात एक ओळ: ‘यंत्र बंद, मोजमाप झाले नाही.’ पान उलटलं, पुढच्या प्रयोगाला तीच ओळ. असे सात प्रयोग, सात ओळी.

आनंद व्हायला हवा होता. पण मला आधी दिसला तो पहिल्या पानावरचा दाखला आणि त्याखालची माझ्या सहीची मोकळी जागा.

मी जर्नल घेऊन विभागप्रमुखांकडे गेले. त्यांनी ते चाळलं आणि कपाळाला हात लावला.

“मॅडम, हे काय? हे बाहेरच्या परीक्षकांसमोर जाणार आहे.”

“खरं आहे ते, सर.”

“खरं आहे हे मला कळत नाही का? उद्या कुणी विचारलं की यंत्र बंद होतं तर बाकीच्यांनी कशावर मोजलं, तर? अडतीस पोरं गोत्यात येतील. आपली मान्यता जाईल. आणि हिचं नाव नोकरीच्या यादीत आहे, खारघरच्या लॅबसाठी. ते लोक जर्नल बघतात. तुम्हाला तिचं भलं करायचं आहे की नाही?” मग आवाज खाली आणून म्हणाले, “तुमचं ऐकते ती. तुम्हीच सांगा.”

‘तिचं भलं’ हा शब्द मला बरा सापडला. शेण खायचंच असलं की माणूस आधी ताट शोधतो, तसं झालं. मी तो शब्द धरून ठेवला आणि गुरुवारी दुपारी, वर्ग सुटल्यावर, तिला थांबवून घेतलं.

“हे सात प्रयोग पुन्हा लिही,” मी म्हणाले. “आकडे भर.”

“पन मॅडम, तुमी पयल्या दिवशी बोललेलात, जे दिसला नाय ते लिवायचा नाय.”

“ते पेशंटचं. हे फक्त जर्नल आहे.”

“शिबिरात पन त्यांनी असाच समजला असंल,” ती म्हणाली. उद्धटपणा नव्हता तिच्या बोलण्यात. खरोखरच तिला तसं वाटत होतं आणि ती मला विचारत होती.

इथे मी उठून प्रमुखांच्या टेबलावर ते जर्नल आपटायला हवं होतं. मी तिला नोकरीबद्दल सांगितलं. आईबापांबद्दल सांगितलं. एकदा हातात काम आलं की मग हवं तेवढं खरं लिही, तिथे तुला कोण अडवणार आहे, असंही सांगितलं. तिने मान खाली घातली, कोरी पानं काढली आणि पेन उघडलं.

मग कळलं, तिला खोटं लिहिता येत नाही. सगळ्यांची साखर तिने शंभर लिहिली. एका खाली एक, दहा वेळा शंभर.

“असं नाही,” मी म्हणाले आणि खुर्ची तिच्या बाजूला ओढली. “ब्याण्णव लिही. पुढे एकशे चार. मग अठ्ठ्याऐंशी. मध्ये एखादा एकशे त्रेचाळीस घाल, नाहीतर सगळेच निरोगी दिसतील. आणि शेवटी शून्य नको, पाच नको. मनाने लिहिणारा माणूस शून्यावर नाहीतर पाचावर जाऊन थांबतो, लगेच पकडला जातो.”

चौदा वर्षं लॅबमध्ये काढल्यावर खोटा आकडा कसा ओळखायचा हे मला कळलं होतं. ते ज्ञान मी त्या दुपारी उलटं करून तिला दिलं. खालून वाटणाचा वास येत होता. पहिल्या प्रयोगाला मी आकडे सांगितले, दुसऱ्यालाही सांगितले. तिसऱ्यापासून तिने विचारलं नाही. तिचे तीच लिहीत गेली, आणि चांगले लिहिले. हुशार होतीच ती. मी दाखल्याखाली सही केली.

शनिवारी परिसंवाद झाला. रोजगाराच्या बाजूने खारघरच्या त्याच लॅबचे मालक आले होते. पांढरा शर्ट, मऊ आवाज. “आम्हाला तयार माणसं द्या,” ते म्हणाले, “आमच्याकडे येऊन शिकण्याइतका वेळ आता कुणाकडे नाही.” टाळ्या. मग मी उठले आणि वीस मिनिटं नाकाने कांदे सोलले. पाया, इमारत, संस्कार, सगळं येऊन गेलं. मलाही टाळ्या. ती तिसऱ्या रांगेत बसली होती. टाळ्या वाजवत होती का, ते मी बघितलं नाही. खरं तर मुद्दाम बघितलं नाही. शेवटी अध्यक्ष म्हणाले, दोन्ही बाजू तितक्याच महत्त्वाच्या आहेत, आणि आम्ही सगळे सामोसे खायला गेलो. ती नववी शाल; पुढे आणखी दोन आल्या.

पोरगी पास झाली, नोकरीला लागली. पेढे घेऊन आली. त्यानंतर मला तिची खबर फोनवर सणावारी येणाऱ्या फुलांच्या चित्रांतून मिळत राहिली.

गेल्या वर्षी माझ्या पायांना मुंग्या यायला लागल्या. डॉक्टरांनी साखर आणि चरबी तपासायला सांगितली. घराजवळ लॅब असताना मी मुद्दाम खारघरला गेले, तिच्या लॅबमध्ये. आपली मुलगी तिथे आहे, आपलं रक्त तिच्या हातून जाऊ दे, अशी हौस. त्या दुपारचं मी मनाआड करून टाकलं होतं. काचेचं दार, थंड हवा, भिंतीवर हसऱ्या कुटुंबाचं चित्र. माझ्या शेजारच्या खुर्चीत एक गरोदर बाई बसली होती, सहावा-सातवा महिना असावा. दवाखान्याने प्यायला दिलेलं साखरेचं पाणी पिऊन तिचं तोंड वाकडं झालेलं. फाईल सासूच्या मांडीवर.

“डॉक्टरीणबाई बोलल्यात, साखर किती ते बघून मग औषध ठरवू,” सासूने मला न विचारताच सांगितलं. “मागच्या खेपेला पोर वाढलं जास्त, लय त्रास झाला हिला.”

“होईल सगळं व्यवस्थित,” मी म्हणाले. असं बोलायला मला काही लागत नाही.

माझा नंबर आला. आत ती होती, पांढऱ्या कोटात, केस घट्ट बांधलेले. मला बघून तिचा चेहरा उजळला, वाकून पाया पडली. मी बाही वर केली. तिने हातात पट्टा घेतला, दंडाला लावला, आणि मग काढला. दाराकडे बघितलं.

“मॅडम, तुमी दुसरीकडं जा.”

“का गं?”

“मोठी मशीन बंद हाय. पाच दिवस झाले. पार्ट यायचा हाय.”

“मग बाहेर इतके लोक बसलेत ते?”

ट्रेमध्ये भरलेल्या बाटल्या होत्या, नावाच्या चिठ्ठ्या चिकटवलेल्या. शेजारी कॉम्प्युटर चालू होता.

“रिपोर्ट कोण लिहितं?”

“मीच लिवते,” ती म्हणाली. “डॉक्टरांची सही कॉम्प्युटरातच असते, आपोआप येते. साखर, चरबी, किडनीचा, सगळा लिवते. जुना रिपोर्ट असला तर तो बघून. शेट बोलतात, पेशंट परत जायला नाय पायजे.” मग जरा थांबून, मला धीर द्यावा तशी म्हणाली, “बरोबर लिवते, मॅडम. शेवटी शून्य नाय येऊ देत.”

मी तिच्यावर ओरडले नाही. कुठल्या तोंडाने ओरडणार होते! मला स्वतःचीच इतकी घाण वाटली की हात कुठे ठेवावे कळेना. बाही तशीच वर होती.

“हिमोग्लोबिन मातर मी कधी मनानं नाय लिवत,” ती एकदम म्हणाली. “त्याची मशीन येगळी, ती बंद पडली ना, तर मी सरळ सांगते, उद्या या. शेट कितीबी बोलू दे. तो एक नाय लिवत.”

एवढं उरलं होतं तिच्यात. आणि तेही आमच्या मूल्यशिक्षणाचं नव्हे, ते बहिणीचं होतं. परिसंवादात आम्ही वर्षानुवर्षं भांडत होतो, चारित्र्य घडवायचं की कामाची माणसं, आणि मी एका दुपारी दोन्ही उरकून टाकलं होतं. मालकांना हवा तसा तयार माणूस दिला होता, आणि त्यासाठी जे चारित्र्य लागतं तेही शिकवून पाठवलं होतं. खुर्ची जवळ ओढून.

मी उठले. बाहेर आले तर ती गरोदर बाई दारातच उभी होती, पुढचा नंबर तिचा होता. बाही आधीच वर केलेली.

“झालं तुमचं?” तिने विचारलं. “दुखतं का हो?”

सांगता आलं असतं. चार शब्दांचं काम होतं, मशीन बंद आहे, जा. पण मागे ती पोरगी उभी होती, तिची नोकरी उभी होती. पुन्हा ‘तिचं भलं’ माझ्या मदतीला आलं.

“नाही,” मी म्हणाले, “फार नाही दुखत.”

रिक्षा करून नवीन पनवेलला आले. ओळखीच्या छोट्या लॅबमध्ये शिरले आणि बसायच्या आधी विचारलं, मशीन चालू आहे ना? माणूस हसला, म्हणाला, बघा की आत येऊन. मी खरंच आत जाऊन बघितलं. संध्याकाळी रिपोर्ट आला. साखर दोनशे दहा. शेवटी शून्य होतं, पण आकडा खरा होता, आणि दुसऱ्या दिवसापासून माझी गोळी सुरू झाली.

यंदाच्या परिसंवादाचं निमंत्रण आलं तेव्हा मी येत नाही म्हणून कळवलं. कारण लिहिलं नाही. त्या बाईच्या कागदावर किती साखर लिहिली गेली, ते मला माहीत नाही. शेवटी शून्य नव्हतं, एवढं मात्र मी खात्रीने सांगू शकते.